सूचना वही फिरवणाऱ्यालाही सूचना हवी

शाळेत साथ शिरली की ती कोणाला आधी कळते आणि कोणाला शेवटी कळते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. अंगावर पुरळ आल्यामुळे वर्गातील तीन मुले गैरहजर राहिली की वर्गशिक्षकांना संशय येतो. त्यांच्याकडून मुख्याध्यापकांना कळते. मुख्याध्यापक प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवतात. तेथून पत्र येते, पत्रावर आवक क्रमांक पडतो आणि सूचना वहीत चार ओळी लिहिल्या जातात. ती वही काखेत मारून शिपाईमामा वर्गावर्गातून फिरतात. प्रत्येक शिक्षक सूचना वाचतो, सही करतो आणि वही परत देतो. वहीत सहीसाठी शिक्षकांच्या नावांची रांग असते. मामांचे नाव त्या रांगेत नसते. ज्याच्या हातून सूचना शाळाभर फिरली, त्यालाच ती काय होती हे कोणी सांगितलेले नसते.

आम्ही कारकुनी पेशातली माणसे. कागद कोठून निघतो, कोठे थांबतो आणि कोणापर्यंत पोहोचतच नाही, हे आम्हाला रोजच्या कामात दिसते. समाजकार्याच्या निमित्ताने जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील शाळांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांशी आमचे बोलणे होते. त्या बोलण्यातून जे उमगले ते कुटुंबाच्या या पानावर मांडावे असे वाटले. कारण शाळेतला आजार शाळेच्या फाटकाशी थांबत नाही. तो मावशींच्या पदराबरोबर त्यांच्या घरी येतो आणि त्यांच्या चुलीपाशी बसलेल्या नातवंडापर्यंत पोहोचतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. संसर्गजन्य आजाराची जी माहिती शिक्षकांना मिळते, तीच माहिती त्याच दिवशी शाळेतील शेवटच्या कर्मचाऱ्याला मिळाली पाहिजे. हा कोणाचा उपकार नव्हे, तो कर्मचाऱ्याचा हक्क आहे.

शेवटचा कर्मचारी कोण?

शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गुरुजी, बाई आणि मुले येतात. पण शाळा चालते ती आणखी काही हातांवर. वर्ग झाडणारे आणि घंटा देणारे शिपाई, पाण्याची टाकी भरणारे व धुणारे मामा, पोषण आहार शिजवणाऱ्या स्वयंपाकी व मदतनीस मावशी, संडास-मुताऱ्या साफ करणारे सफाई कामगार, रात्रीचे पहारेकरी, प्रयोगशाळेतील परिचर. आश्रमशाळेत यांच्या जोडीला कामाठी असतात. मुलांची अंथरुणे-पांघरुणे, भांडी, झाडलोट, पाणी, आजारी मुलाला दवाखान्यात नेणे अशी पडेल ती कामे त्यांच्याकडे येतात.

या मंडळींत कोण असतात? आपल्या समाजातील माणसे असतात, महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाजातील असतात, नवऱ्यामागे संसार ओढणाऱ्या बाया असतात. काही कायम नोकरीत आहेत, पण पुष्कळजण मानधनावर, रोजंदारीवर किंवा ठेकेदाराच्या हाताखाली आहेत. ज्याचा दिवस भरला तरच त्याला पैसे, त्याच्या दृष्टीने आठ दिवसांचा ताप म्हणजे आठ दिवसांची चूल. म्हणून त्यांना आजार आधी कळणे आणि तो टाळता येणे याला पगारदार माणसापेक्षा जास्त मोल आहे.

डोंगरपट्ट्यातला पावसाळा

जुन्नर व आंबेगावचा पूर्वभाग बागायती. नारायणगाव आणि मंचरच्या बाजारपेठा, ऊस, टोमॅटो, कांदा. तिकडे दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे. पश्चिमेकडचा भाग मात्र सह्याद्रीच्या कुशीत. नाणेघाटापासून भीमाशंकरपर्यंतच्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो. याच भागातल्या आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा आहेत आणि त्यांचे काम पाहणारे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगावला आहे. मुले तेथेच राहतात, जेवतात, शिकतात आणि झोपतात.

चार-चार दिवस ऊन पडत नाही. कपडे वाळत नाहीत, सतरंज्या ओलसर राहतात. थंडीमुळे मुले एकमेकांना बिलगून झोपतात. दारे-खिडक्या बंद असतात. साथीच्या आजाराला याहून सोयीची जागा कोणती? खरूज, कांजिण्या, गालगुंड, डोळे येणे, ताप-खोकला, जुलाब यांपैकी काहीतरी एखाद्या पावसाळ्यात डोके वर काढतेच. मुलांना औषध मिळते, मिळायलाच हवे. पण त्या मुलांच्या चादरी उचलणाऱ्या मावशींना काय मिळते?

अशाच एका आश्रमशाळेत कामाठी म्हणून राबणाऱ्या मावशींशी आम्ही बोललो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण चित्र बहुतेक ठिकाणी असेच असते. त्या म्हणाल्या, “आमाला कोण सांगतंय दादा? पोरगं खाजवाया लागलं की आमीच समजायचं. पोरांला मलम आलं तवा सांगत्यात, चादरी उकळून काढा. कशापायी ते नाय सांगत.” त्या पावसाळ्यात खरूज मावशींच्या घरातल्या पाचही माणसांना झाली. शाळेतली मुले मलमाने बरी झाली. मावशींच्या घरी मात्र कोणी देवीचा कोप म्हणाले, कोणी पाणी बाधले म्हणाले आणि त्यात दीड महिना गेला.

यात दुष्टपणा कोणाचाच नव्हता. सांगायचे कोणी हे ठरलेले नव्हते, म्हणून कोणीच सांगितले नाही.

कामागणिक धोका

आजार हवेतून, हातातून, पाण्यातून किंवा कपड्यांतून येतो. कोणाचे काम कोणते, यावर त्याचा धोका ठरतो. वाचकांच्या उपयोगासाठी काही मुख्य आजारांची माहिती येथे देत आहोत.

खरूज. अतिसूक्ष्म किडा कातडीखाली शिरतो. माणूस माणसाला चिकटून झोपल्याने आणि काही वेळा अंथरूण-कपड्यांतून तो पसरतो. पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागतात. तोवर तो नकळत इतरांना देत राहतो. म्हणून एकट्याने मलम लावून भागत नाही. जवळच्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात. कपडे गरम पाण्यात धुवून कडक वाळवावेत. ते जमत नसेल तर पिशवीत घट्ट बांधून निदान तीन दिवस बाजूला ठेवावेत, कारण माणसाच्या अंगापासून दूर हा किडा फार काळ जगत नाही.

कांजिण्या. पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत हा आजार पसरतो. लागण झाल्यावर दहा ते एकवीस दिवसांनी तो दिसतो. लहान मुलांना सहसा हलका जातो, पण मोठ्या माणसांना जड जाऊ शकतो. ज्यांना लहानपणी कांजिण्या आल्या नाहीत, त्यांनी अशा मुलांची शुश्रूषा करू नये.

गोवर आणि रुबेला. गोवराचा विषाणू रोगी निघून गेल्यावरही खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. वर्ग सुटल्यावर लगेच झाडायला जाणारा शिपाई त्याच हवेत श्वास घेतो. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम झाली. ती नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या आतील मुलांसाठी होती. म्हणजे मुलांना संरक्षण मिळाले, पण तेव्हा पंचवीस-तीस वर्षांची असलेली मदतनीस त्या मोहिमेत नव्हती. रुबेलाचा पुरळ दिसायला किरकोळ असतो. मात्र गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तो झाला तर बाळाच्या डोळ्यांना, कानांना व हृदयाला कायमचे व्यंग येऊ शकते. शाळेत पुरळाचा ताप आहे हे जर त्या बाईला कोणी सांगितलेच नाही, तर ती स्वतःला जपणार कशी?

कावीळ आणि जुलाब. पाण्यातून व अन्नातून पसरणारी अ प्रकारची कावीळ डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत सर्वांत जास्त पसरते. संडास धुणारे, टाकी धुणारे आणि स्वयंपाक करणारे या तिघांना ही बातमी पहिल्या दिवशी कळली पाहिजे. जुलाब-उलट्यांच्या काही विषाणूंवर हाताला चोळायचे सॅनिटायझर फारसे चालत नाही. साबण आणि वाहते पाणीच लागते. आपल्याकडे अजूनही कावीळ उतरवून घ्यायला लोक जातात. हातावर चुन्याचे पाणी पिवळे झाले की कावीळ उतरली असे समजतात. वाचकहो, यात दिवस जातात आणि यकृत बिघडते. दवाखान्यातच गेले पाहिजे.

डोळे येणे. रोग्याच्या डोळ्यांत पाहिल्याने डोळे येत नाहीत. हात, रुमाल, टॉवेल, नळाची तोटी यांच्यामार्फत ते येतात. जुलै २०२३ मध्ये आंबेगावला लागूनच असलेल्या खेड तालुक्यात आळंदी येथे शाळकरी मुलांत डोळ्यांची मोठी साथ आली होती. अशा वेळी नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या पुसणाऱ्याला कारण कळले तर तो दिवसातून तीनदा पुसेल. न कळले तर नेहमीसारखा एकदा पुसेल.

क्षयरोग. बंद जागेत रोग्याच्या सहवासात दीर्घकाळ राहिल्याने हवेतून पसरतो. ताट-वाटी, कपडे, हस्तांदोलन यांतून पसरत नाही. योग्य औषध सुरू झाल्यावर रोग्यापासूनचा संसर्ग झपाट्याने कमी होतो.

या शेवटच्या वाक्याकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. पुरी माहिती नसली की माणसे स्वतःच्या मनाने नियम करतात. क्षयाच्या मुलाचे ताट वेगळे ठेवतात, त्याचा पेला वेगळा करतात. वेगळा पेला म्हणजे काय हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. अर्धवट माहितीतून नवी शिवाशीव जन्माला येते आणि पुऱ्या माहितीने ती गळून पडते. म्हणून सांगायचे ते पुरे सांगावे.

नियम एकाच बाजूने पाहतो

नियमांचा विचार केला तर एक गोष्ट लक्षात येते. शालेय स्वयंपाकघरांसाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत स्वयंपाकी व मदतनीस यांची आरोग्य तपासणी सांगितली आहे. अन्न सुरक्षा कायद्याखालील नियमांतही संसर्गजन्य रोग असलेल्या माणसाने अन्न हाताळू नये असे आहे. हे योग्यच आहे. शेकडो मुलांच्या पोटाचा प्रश्न आहे.

पण यामागची नजर पाहा. मावशींपासून मुलांना आजार होईल ही भीती आहे. मुलांपासून मावशींना आजार होईल हा विचार कोठे आहे? नखे कापली का, डोक्याला रुमाल बांधला का, तपासणी झाली का, हे विचारायला साहेब येतात. “मावशी, गेल्या आठवड्यात सहावीच्या वर्गात कांजिण्या निघाल्या हे तुम्हाला सांगितले होते का?” असे विचारणारे साहेब आम्हाला अजून भेटायचे आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्य पथक शाळेत येते, मुलांना तपासते. त्याच दिवशी त्याच पथकाने शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना एकत्र बसवून दहा मिनिटे बोलायचे ठरवले तर खर्च किती? काहीच नाही.

परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगाराच्या आरोग्याचा प्रश्न हा दयेचा नसून राज्याच्या कर्तव्याचा आहे, ही दृष्टी त्यांच्या त्या कामात दिसते. पुढे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४२ मध्ये कामाची परिस्थिती न्याय्य व मानवोचित असावी आणि प्रसूतिविषयक साहाय्य मिळावे, यासाठी राज्याने तरतूद करावी असे आले. गर्भवती मदतनीस रुबेलाच्या साथीत काही न कळता राबत असेल, तर ती कामाची परिस्थिती मानवोचित म्हणता येईल काय?

मागच्या साथींचा धडा

पुणे जिल्ह्याला साथी नव्या नाहीत. १८९७ साली प्लेगने थैमान घातले होते. त्याच वर्षी साथरोग कायदा झाला. त्याच साथीत ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होत्या. आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांना आणता आणता त्यांनाच प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सावित्रीबाईंनी धोका ओळखून, समजून-उमजून तो पत्करला. त्याग त्याला म्हणतात. शाळेतल्या मावशींना धोका काय आहे हेच माहीत नसेल आणि त्या त्यात ओढल्या गेल्या, तर त्याला त्याग म्हणता येत नाही. ती हेळसांड होय.

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. या आजाराचा तो भारतातील पहिला बळी होता. शाळा बंद झाल्या, मास्कसाठी रांगा लागल्या. पुढे ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले कोरोना रुग्ण पुण्यातच आढळले. त्या काळात गावोगावच्या शाळा विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या. त्या खोल्या झाडणारा, पाणी देणारा माणूस कोण होता? बहुतेक ठिकाणी तो शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा शिपाई आणि सफाई कामगारच होता.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे अनेक रुग्ण आढळले. जीबीएस स्वतः एकापासून दुसऱ्याला होत नाही. पण दूषित पाण्यातून किंवा अन्नातून होणाऱ्या पोटाच्या जंतुसंसर्गानंतर तो काहींना गाठतो. तेव्हा साऱ्यांचे लक्ष पाण्याकडे गेले. शाळेतल्या पाण्याची टाकी ज्याच्या हाती आहे, त्याला ही बातमी मुख्याध्यापकांच्या तोंडून कळावी की चहाच्या टपरीवर?

मोठ्या साथीत सर्वांनाच सर्व कळते, कारण वर्तमानपत्रे भरून वाहतात. खरी अडचण लहान साथीची आहे. एका वर्गातल्या कांजिण्या, एका खोलीतली खरूज यांची बातमी कोठे छापून येत नाही. ती शाळेनेच सांगायची असते.

रोगाचे नाव सांगा, मुलाचे नाव नको

येथे एक शंका येईल. सर्वांना सांगितले तर त्या मुलाची बदनामी होणार नाही का? शंका रास्त आहे. उत्तरही सोपे आहे. रोगाचे नाव सांगावे, मुलाचे नाव सांगू नये. “पाचवीच्या वर्गात कांजिण्या आढळल्या आहेत” एवढे पुरे. अमक्याच्या मुलाला, तमक्या वाडीतल्या मुलीला हे सूचनेत येण्याचे कारण नाही. आजारी मुलाची सेवा ज्या एका कर्मचाऱ्याकडे असेल, त्यालाच गरजेपुरते अधिक सांगावे.

काही आजारांची यादी कोणी मागूच नये. एचआयव्ही हा त्यांतला मुख्य. तो स्पर्शाने, जेवणाने, संडासातून, एकत्र खेळण्याने पसरत नाही. २०१७ च्या कायद्याने अशा व्यक्तीची माहिती गुप्त राखण्याचे संरक्षणही दिले आहे. कोणाचेही रक्त सांडले तर हातमोजे घालूनच पुसायचे, हा एक नियम सर्वांसाठी पाळला की कोणाला काय आहे हे विचारण्याची गरजच उरत नाही.

कसे सांगावे?

आमच्या अल्पमतीप्रमाणे काही सूचना अशा :

१) सूचना वहीत शिक्षकांच्या नावांखाली सर्व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची नावे असावीत. मानधनावरील, रोजंदारीवरील व ठेकेदाराकडील माणसांचीही असावीत.

२) सूचना नुसती फिरवू नये, वाचून दाखवावी. काही मावशींना वाचता येत नाही आणि ते सांगायला त्या लाजतात. सही घेतली म्हणजे समजले असे होत नाही.

३) सांगताना चार गोष्टी सांगाव्यात. आजार कोणता, तो कसा पसरतो, आपल्या कामात काय बदल करायचा आणि कोणती लक्षणे दिसताच दवाखान्यात जायचे.

४) ज्या दिवशी शिक्षकांना कळले त्याच दिवशी, काम सुरू होण्यापूर्वी सांगावे. चादरी धुऊन झाल्यावर सांगण्यात अर्थ नाही.

५) गर्भवती महिला, नुकतीच बाळंत झालेली, मधुमेह किंवा दम्याचा विकार असलेले कर्मचारी यांना पुरळाच्या व तापाच्या रोग्यांपासून दूरचे काम द्यावे. त्यासाठी मानधन कापू नये.

६) माहितीबरोबर साहित्यही द्यावे. साबण, हातमोजे, मास्क आणि ब्लीचिंग पावडर. उलटी किंवा जुलाबाची जागा स्वच्छ करण्यासाठी एक लिटर पाण्यात तीस ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर असे द्रावण वापरतात. ते संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. विषारी वायू तयार होतो. हे न सांगितल्यामुळे सफाई करणाऱ्याचा जीव धोक्यात येतो.

७) वर्ग झाडण्यापूर्वी दारे-खिडक्या उघडून थोडा वेळ हवा खेळू द्यावी. साथीच्या दिवसांत कोरडी झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे.

“सांगितले तर घाबरतील आणि कामावर येणार नाहीत,” असे काही जण म्हणतात. आमचा अनुभव उलटा आहे. कुजबुजीने माणूस घाबरतो, स्पष्ट बोलण्याने धीर धरतो. “त्यांना काय कळतंय?” असेही म्हणतात. ज्या बाईला दोनशे मुलांच्या भाताचे पाणी डोळ्यांनी मोजता येते, तिला खरूज कशी पसरते हे कळणार नाही काय? मुद्दा त्यांच्या समजेचा नाही, आपल्या सांगण्याच्या इच्छेचा आहे.

कर्मचाऱ्यांनीही बोलावे

ही वाट दुहेरी आहे. स्वयंपाकी मावशींना जुलाब होत असतील, हाताला पिकलेली जखम असेल, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर त्यांनीही लपवू नये. पण त्या लपवतात, कारण एक दिवस घरी राहिले तर पैसे कापले जातील आणि दोन दिवस राहिले तर दुसरी बाई ठेवतील ही धास्ती असते. आजार सांगणाऱ्याला शिक्षा आणि लपवणाऱ्याला पगार, अशी रीत असेल तर सगळेच लपवतील. आजारपणाची रजा आणि जागेची हमी ही मुलांच्याही आरोग्याची हमी आहे, हे व्यवस्थापनाने ओळखावे.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगाचा नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदांच्या मदतीने त्याला स्वतः धुतले, बिछान्यावर निजवले आणि रोग्याची सेवा ही माझीच सेवा आहे अशा अर्थाचा उपदेश संघाला केला. तेथेच पुढे आणखी एक व्यवहाराची गोष्ट येते. रोग्याने आपला आजार आहे तसा सेवा करणाऱ्याला सांगावा, कमी-जास्त झाले ते सांगावे, म्हणजे सेवा करणे सोपे होते. आपल्या शाळांत रोग्याजवळ जाणारा माणूस बहुधा कामाठी किंवा मावशी असते. तिला आजार काय तेच न सांगता तिच्याकडून सेवेची अपेक्षा करणे योग्य नव्हे.

आपण काय करावे?

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. आपल्यापैकी अनेकजण, विशेषतः आपल्या माता-भगिनी, या समित्यांवर आहेत. सभेला जातो, चहा घेतो, सही करतो आणि घरी येतो, असे आता होऊ नये. जूनमध्ये शाळा उघडल्यावरच्या पहिल्या सभेत सूचना वही मागून घ्यावी. तिच्यात मामांचे आणि मावशींचे नाव आहे का ते पाहावे. नसेल तर ठराव मांडावा की संसर्गजन्य आजाराची सूचना सर्व कर्मचाऱ्यांना त्याच दिवशी वाचून दाखवली जाईल. ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावा, कारण कागदावर न आलेली गोष्ट दुसऱ्या वर्षी कोणाला आठवत नाही, हे आम्ही कारकुनीच्या अनुभवावरून सांगतो.

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका किंवा आरोग्यसेवक यांना वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडाशी आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर, शाळेत बोलवावे. त्यांच्यापुढे मुलांबरोबर मावशी-मामांनाही बसवावे. गावातील बुद्ध विहारात, महिला मंडळात, बचत गटाच्या बैठकीत हा विषय घ्यावा. ज्या घरातील बाई शाळेत राबते, त्या घरातील सुशिक्षित मुलामुलींनी वर दिलेली माहिती तिला सावकाश वाचून दाखवावी. आईला, आजीला एवढे वाचून दाखवता आले नाही तर आपल्या शिकण्याचा उपयोग काय?

या सगळ्याला नवी इमारत लागत नाही, निधी लागत नाही, मंत्र्यांची मंजुरी लागत नाही. वहीत चार नावे वाढवावी लागतात आणि दहा मिनिटे बोलावे लागते. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातल्या एखाद्या शाळेत हे यंदा सुरू झाले, तर पुढच्या पावसाळ्यात कोणा मावशीच्या घरातली पाच माणसे दीड महिना खाजवत बसणार नाहीत. कोणा गर्भवती मदतनीसेचे बाळ निरोगी जन्मेल. तेवढ्यासाठी सभेत उठून एक प्रश्न विचारण्याचे कष्ट आपण घ्यावेत, अशी वाचक बंधू-भगिनींना आमची नम्र विनंती आहे.

जयभीम!